चढण मोजताना: महसीरच्या ओढ्यावरचा एक पावसाळा

२०२४ च्या पावसाळ्यात आम्ही तिघांनी पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरच्या एका ओढ्यात महसीर मासा अंडी घालतो का, घालत असेल तर कुठे आणि केव्हा, याची नोंद ठेवली. मी शाळेत विज्ञान शिकवते. माझा भाचा तेव्हा प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होता. तिसरे मामा. नात्याचे नव्हेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो; त्यांचा सगळा जन्म त्या ओढ्याकाठच्या वाडीत मासे धरण्यात गेला. जानेवारीत सुरू केलेलं काम डिसेंबरात अहवाल देऊन संपलं. सुरुवातीला अर्ज कुणाकडे करायचा, पाण्यात काय शोधायचं, खर्च किती येतो, हे सांगणारं मराठीत काहीच हाती लागलं नाही. म्हणून तारखांसकट सगळं लिहिते आहे.

ओढ्याचं आणि वाडीचं नाव मात्र लिहिणार नाही. विणीच्या दिवसांत हे मासे मोजक्या जागी गोळा होतात. ती जागा एकदा चारचौघांत फुटली की पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन जाणारा आमच्या आधी तिथे पोचतो. तुम्हीही असं काम कराल तर फोटो टाकताना त्यातलं ठिकाण काढून टाका.

ज्यांना हा मासा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडंसं. दख्खनचा महसीर म्हणजे मोठाल्या खवल्यांचा, निळसर परांचा, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असलेला, धारेविरुद्ध पोहणारा दणकट मासा. आमच्या मामांच्या तोंडी तो ‘खडस’. कर्नल साइक्सने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं आणि इथल्या लोकांच्या तोंडचंच नाव थोडं वाकवून शास्त्रीय नावात घातलं. ‘आययूसीएन’ या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत ही जात आधी ‘संकटग्रस्त’ होती, नंतरच्या फेरतपासणीत ती ‘कमी चिंता’ गटात गेली. ते वाचून मला सुरुवातीला बरं वाटलं होतं. पण यादी सबंध जातीचा विचार करते, एका ओढ्यात काय चाललंय ते तिला दिसत नाही. शिवाय लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरचं बीज तयार होतं आणि ते देशभर सोडलं गेलं. कावेरीत तर हाच मासा एवढा फोफावला की तिथला मूळचा कुबडाचा महसीर, जो आज अतिसंकटग्रस्त आहे, त्याच्यापुढे मागे पडला. म्हणजे जलाशयात मोठा मासा दिसला यावरून वरचा ओढा नांदता आहे असं म्हणता येत नाही. तो मासा सोडलेलाही असू शकतो. अंडी पडली, फुटली आणि पिल्लं टिकली, तरच ओढा जिवंत. आम्हाला तेवढंच बघायचं होतं.

कागदपत्रं

ओढ्याचा खालचा भाग गावाच्या हद्दीत, वरचा राखीव वनात. अभयारण्य नाही, हे आमचं नशीब. अभयारण्य असतं तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २८ प्रमाणे थेट मुख्य वन्यजीव रक्षकांची, म्हणजे नागपूरची परवानगी लागली असती. आमचा अर्ज उपवनसंरक्षकांच्या नावे गेला. तुमची जागा कशात मोडते हे आधी तिथल्या वनरक्षकाला विचारा. आमच्या वनरक्षकांनी नकाशावर बोट ठेवून पाच मिनिटांत सांगितलं, मी त्यासाठी दोन आठवडे घरी बसून डोकं खाजवत होते.

१२ फेब्रुवारीला अर्ज दिला. ४ मार्चला शेरा मारून परत आला: ‘संस्थेचे पत्र नाही.’ व्यक्तीच्या नावाने परवानगी मिळत नाही, मागे कॉलेज किंवा नोंदणीकृत संस्था लागते. भाच्याच्या विभागप्रमुखांनी पत्र दिलं आणि एक निवृत्त प्राध्यापक मार्गदर्शक म्हणून उभे राहिले. त्यांना या लेखात ‘सर’ म्हणते. ११ मार्चला पुन्हा अर्ज. या वेळी सोबत नकाशा, निरीक्षणाच्या सहा जागांचे अक्षांश-रेखांश, जाण्याच्या तारखा, आमची आधार कार्डं आणि १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र की मासा, अंडं, पिल्लू यांतलं काहीही बाहेर नेणार नाही.

पाचच दिवसांनी, १६ मार्चला, लोकसभेची आचारसंहिता लागली. तेवढ्यात वणव्याचे दिवस. कुणी निवडणुकीच्या ड्युटीवर, कुणी जाळपट्ट्यांवर. कागद हलेना. मी तीन वेळा अर्धी रजा टाकून गेले आणि तिन्ही वेळा ‘साहेब फिल्डवर आहेत’ ऐकून परतले. चौथ्यांदा एका कारकून बाईंनी विचारलं, “आवक क्रमांक काय तुमचा?” माझ्याकडे नव्हता. अर्जाच्या स्थळप्रतीवर शिक्का घेतला होता, पण त्यावरचा क्रमांक पुसट आला होता आणि मी तो नीट लिहून घेतला नव्हता. बाईंनी रजिस्टर चाळून शोधून दिला. तेव्हापासून क्रमांक आणि तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहिते. क्रमांक सांगितला की कागद सापडतो, नाव सांगून सापडत नाही.

दुसरा कागद ग्रामपंचायतीचा. जैवविविधता कायदा २००२ मुळे प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. समितीचं पत्र जोडलं तर बरं, असं वनपालांनी सुचवलं. नोंदवही मागितली तेव्हा कपाटाच्या तळातून निघाली. माशांच्या पानावर मळे, मुरे, कोळस, वाम अशी नावं होती, त्यांच्या खाली ‘खडस’. पुढचे रकाने रिकामे.

आचारसंहितेत ठराव होईना, पण मे महिन्यात देवळात अनौपचारिक बैठक झाली. मला वाटलं होतं माशांबद्दल विचारतील. पहिला प्रश्न आला तो वेगळाच: “बाई, तुम्ही मोजून गेल्यावर इथं अभयारण्य लावणार का? आमचं पाणी, आमची लाकडं बंद होणार का?” प्रश्न रास्त होता. मी सांगितलं, तसा अधिकार मला नाही, पण माझा अहवाल कुठे जाईल आणि त्याचं कोण काय करेल याची खात्री मला देता येत नाही. म्हणून अहवालाची पहिली प्रत गावाला देईन आणि गावाला चुकीचं वाटेल ते वाक्य त्यात राहणार नाही. हे शेवटचं मी त्या क्षणी बोलून गेले. पुढे ते पाळायला चांगलंच जड गेलं, पण पाळलं.

आचारसंहिता ६ जूनला उठली, १० जूनला समितीचं पत्र हातात आलं, १९ जूनला परवानगी.

आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला होता. पहिली चढण झालीसुद्धा होती. आमच्याकडे घाटात आणि खाली कोकणात ‘चढणीचे मासे’ सगळ्यांना माहीत. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी ओढ्याला आलं की गाभोळीने भरलेले मासे धारेविरुद्ध वर निघतात, कधी कधी पार भातखाचरांत शिरतात. ज्याला आपण वहीत ‘प्रजननासाठीचं स्थलांतर’ लिहितो त्याला लोकांचा शब्द आधीपासून आहे आणि त्याच्याभोवती लोकांचं जेवण आहे. परवानगीची वाट पाहत मी पुण्यात बसले होते आणि मामा फोनवर सांगत होते, “ताई, मळं चढलं, कोळस चढला. तुमचं कागद काय अजून चढंना.”

उन्हाळ्यातली तयारी

मधल्या काळात बसून राहिलो नाही, हे चांगलं झालं. एप्रिल-मेमध्ये गावाच्या हद्दीतल्या भागात तीन खेपा केल्या. त्याला परवानगी लागत नव्हती, सरपंचांना सांगणं पुरलं. ओढा कोरडा पडलेला, नुसते डोह उरलेले. अशा वेळी ओढ्याचा सांगाडा दिसतो. डोह किती खोल, त्याचं शेपूट कुठे उथळ होतं, तिथे वाळू आहे, चिखल आहे की गोटे. महसीर ट्राउटसारखं ठळक घरटं खणत नाही. अंडी गोट्यांच्या फटींत पडतात आणि वाहत्या, भरपूर प्राणवायूच्या पाण्यावर जगतात. फटींत माती बसली की ती गुदमरतात. म्हणून प्रत्येक जागी न बघता शंभर गोटे उचलायचे आणि पट्टीने मोजायचे. सहापैकी दोन जागी बोट घातलं की नखात गाळ यायचा. वरच्या बाजूला नव्याने काढलेला रस्ता होता, त्याची माती. त्या दोन जागी पुढे सबंध हंगामात काही दिसलं नाही.

याच खेपांत मामा भेटले. ते आयुष्यभर पागाने मासे धरत आलेले. सरांनी मला आधीच सांगितलं होतं, की मासा कुठे आहे हे त्याला धरणाऱ्यालाच ठाऊक असतं, त्याच्याकडे शिकायला जा, शिकवायला नको. मी मामांना विचारलं, खडस कधी येतो? ते म्हणाले, “पहिल्या पाण्याला नाय येत त्यो. लावणी आटपली, पाऊस जरा दम खाऊ लागला, पाणी निवळलं, की मग येतो. आन् गर्दी करून नाय येत.” सरांच्या पुस्तकात जुलै ते सप्टेंबर लिहिलं होतं. मामांच्या एका वाक्यात त्यातला नेमका आठवडा होता.

सामान फार लागत नाही. पाण्यावरची चकाकी मारणारा पोलराइज्ड चष्मा प्रत्येकी एक, यात काटकसर करू नका, साध्या डोळ्यांना फक्त आभाळ दिसतं. थर्मामीटर, विरघळलेला प्राणवायू मोजायचा संच, पांढरा ट्रे, बारीक जाळी, भिंग. पाण्यात भिजली तरी चालणारी वही आणि पेन्सिल, कारण पेन पावसात रुसतं. गमबूट, आणि जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे जाड कापडी मोजे. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, आणि लेप्टोबद्दल (दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा आजार) डॉक्टरांशी आधी बोला. साकवाच्या खांबाला आम्ही रंगवलेली पट्टी बांधली. ती मात्र ग्रामसेवकांना विचारून.

जून-जुलै: शून्य

२२ जूनला पहिली खेप. पद्धत सरांनी आखून दिली होती. खालच्या अंगाने, वाकून, डोहाच्या शेपटाशी यायचं, झाडाच्या आडोशाला बसायचं, वीस मिनिटं हलायचं नाही आणि बोलायचं नाही. मग मोजायचं. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि मोजून होईपर्यंत एकमेकांना आकडा सांगायचा नाही. पाण्याची उंची, तापमान, पाणी किती खोलवर दिसतं, पाऊस, वेळ. सहा जागा करायला साडेपाच तास.

पहिल्या पाच खेपा: शून्य, शून्य, शून्य. बहुतेक वेळा पाणीच चहासारखं. तिसऱ्या खेपेला भाच्याने त्या दिवसाचे रकाने रिकामे सोडले. म्हणाला, “मावशी, काही दिसलंच नाही तर लिहू काय?” सरांनी तो कागद पाहून मला फोन केला. पाणी निवळ होतं, वीस मिनिटं पाहिलं आणि मासा नव्हता, तर शून्य लिहायचं. पाणी गढूळ होतं आणि दिसणंच शक्य नव्हतं, तर ‘पाहता आले नाही’ लिहायचं. रिकामा रकाना म्हणजे या दोन्हींतलं काय, ते पुढे कुणालाच कळणार नाही. मला हा फरक इतका साधा वाटला आणि तरी मी तो केला नव्हता. आम्ही बसून मागच्या नोंदी आठवून दुरुस्त केल्या, आणि जिथे नक्की आठवेना तिथे ‘अनिश्चित’ लिहिलं. अहवालात तसंच दिसतं.

त्या दिवसांत मन फार उतरायचं. पहाटे चारला उठायचं, सत्तर किलोमीटर गाडी हाकायची, चिंब व्हायचं आणि शून्य लिहून परत यायचं. घरी कुणी विचारलं ‘दिसला का?’ तर उत्तर द्यावंसं वाटायचं नाही. मामींच्या चुलीपाशी चहा मिळायचा, तेवढ्याने पुढचा आठवडा निघायचा.

२५ जुलैला पुण्यात एकतानगरीत पाणी शिरलं, तो पाऊस तुम्हाला आठवत असेल. घाटात तो किती पडला असेल याचा अंदाज आम्हाला नंतर ओढ्याने दिला. २८ तारखेला खालून बघितलं तर साकवावरची आमची पट्टी गेलेली. पुढच्या आठवड्यात वर जाऊ शकलो. चार नंबरच्या जागेवरचा गोट्यांचा सगळा पट्टा उचलून वीसेक पावलं खाली नेऊन टाकला होता. एप्रिलमध्ये मोजलेले शंभर गोटे कुठे गेले कोण जाणे. मला रडू यायचं बाकी होतं. मामा मात्र नव्या पट्ट्यावर उकिडवे बसले, एक गोटा उचलला, उलटा केला, वास घेतला. “धुतलं सगळं. आता गाळ न्हाई यात. आता येईल.”

याच सुमारास दोन पोरं डोहावर पाग टाकताना भेटली, मामांच्याच भावकीतली. मी काही बोलले नाही, मला तो हक्क नव्हता. जिलेटीनचे स्फोट आणि विष यांच्याविरुद्ध १८९७ पासूनचा कायदा आहे आणि ब्लीचिंग पावडर टाकताना कुणी दिसलं असतं तर मी नक्की बोलले असते. पण पाग हे त्यांचं रोजचं काम. संध्याकाळी मामींनीच विषय काढला. त्या म्हणाल्या, सगळा ओढा कशाला अडवता, ते दोन डोह तेवढे सोडा, नागपंचमीपासून घट बसेपर्यंत. ठराव झाला नाही, कागद झाला नाही. चावडीवर दोन-तीन जणांनी मान हलवली, एवढंच. आमच्या खेपांच्या दिवशी तरी त्या डोहांवर आम्हाला पाग दिसला नाही.

१७ ऑगस्ट

दोन दिवस पाऊस थांबला होता. सकाळी पावणेदहा, पाण्याचं तापमान २३ अंश. चार नंबरच्या डोहाचं शेपूट, पुराने आणून टाकलेला तोच नवा पट्टा. पाणी गुडघाभर, तळातले गोटे स्वच्छ दिसत होते. मी आणि भाचा जांभळीच्या मुळ्यांत बसलो होतो, मामा जरा मागे.

आधी मला वाटलं तळातला एक लांबट दगड हलला. मग त्या दगडाला पर दिसले. एक मोठी मादी, हातभर तरी, डोहातून उथळात आली आणि धारेत तोंड करून थांबली. तिच्या मागून तिच्याहून बारीक दोन, मग तिसरा. ते तिच्या बाजूंना लागून पोहत, मागे पडत, पुन्हा पुढे येत. असं बराच वेळ. मग एकदम चारही एकत्र दाटले, मादी कुशीवर कलली, ऊन तिच्या खवल्यांवर पडलं आणि पाण्याखाली पितळेचं ताट फिरवल्यासारखं चमकलं. शेपट्यांनी पाणी फेसाळलं. दोन-तीन श्वासांत संपलं. ती डोहात परतली. अकरा मिनिटांनी पुन्हा आली.

आम्ही पावणेदोन तासांत असं चार वेळा पाहिलं. मी कागदावर वेळा लिहीत होते आणि माझं अक्षर मला नंतर वाचता येईना. भाच्याचा हात माझ्या दंडावर होता, त्याने तो किती घट्ट धरला होता ते घरी वळ पाहिल्यावर कळलं. मामा काही बोलले नाहीत. निघताना म्हणाले, “साठ वर्सं मी ह्ये पाग टाकायच्या आधी कधी बघत बसलो न्हाई.”

दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, अंडी बघायला गेलो. आणि तिथे माझ्या हातून चूक झाली. मीच लिहिलेल्या नियमांत होतं की गोट्यांच्या पट्ट्यावर पाय द्यायचा नाही, काठाच्या खडकावरून जायचं. घाईत, ट्रे हातात घेऊन, मी सरळ पट्टा ओलांडला. मामा मागून ओरडले तेव्हा मी चार पावलं टाकून झाले होते. त्या पावलांखालचा एक गोटा उचलून खाली ट्रे धरला. तीन चिरडलेली टरफलं आली. शेजारच्या गोट्याखालून सात धड अंडी. मोठ्या मोहरीपेक्षा थोडी मोठी, पिवळी, आरपार दिसणारी, मधाचा थेंब गोठवावा तशी. रोहूसारखा मासा किलोमागे लाखांनी अंडी घालतो, महसीर काही हजारच. त्यातली माझ्या पावलांखाली किती गेली ते मला माहीत नाही. अहवालात पद्धतीच्या भागात मी ते लिहिलं आहे. दुसऱ्या कुणी करू नये म्हणून सांगते: अंडी बघायला दोघांनी जाऊ नका, एकानेच जा, एका जागी दहापेक्षा जास्त गोटे उचलू नका, आणि उचललेला गोटा होता त्याच बाजूने परत ठेवा.

२० तारखेला, मंगळवार असूनही, रजा काढून एकटी गेले. पाणी भरलेल्या ट्रेमध्ये दोन अंडी घेऊन भिंगाखाली धरली. प्रत्येकात दोन काळे ठिपके: डोळे. एकातलं शेपूट मधूनच झटका देत होतं. मिनिटभर बघितलं आणि परत फटीत सोडली. पाणी बरं असेल तर तीन-चार दिवसांत ती फुटतात.

पिल्लं आणि अहवाल

ऑगस्टअखेर पुन्हा जोराचा पाऊस झाला आणि मला वाटलं सगळं गेलं. ७ सप्टेंबरला गणपती बसले, त्या आठवड्यात खेप झाली नाही. २८ सप्टेंबरला चार नंबरच्या खालच्या काठाला, गवताच्या आडोशाला, संथ उथळ पाण्यात पिल्लांची फळी दिसली. दोन हात लांबीच्या पट्टीत चौतीस. पण ती महसीरचीच, असं छातीठोकपणे म्हणता येईना. कोळस आणि बाकीच्या भाईबंदांची पिल्लंही त्या वयात सारखीच दिसतात. पकडून न्यायची परवानगी नव्हती. काचेच्या चपट्या डब्यात क्षणभर घेऊन फोटो काढले, सरांकडे पाठवले. त्यांनी नऊंवर ‘महसीर’ लिहिलं, बाकींवर प्रश्नचिन्ह. २७ ऑक्टोबरच्या शेवटच्या खेपेत बोटाच्या दोन पेरांएवढी झालेली अकरा दिसली, आणि आता खवलेच ओळख सांगत होते. सहापैकी दोन जागी वीण दिसली, एका जागी पिल्लं टिकली. एवढाच निष्कर्ष आहे.

अहवाल तीन प्रतींत झाला. पहिली प्रत, कबूल केल्याप्रमाणे, मामांच्या ओसरीवर वाचली. सरपंचांनी दोन आक्षेप घेतले. ‘अतिमासेमारी’ हा शब्द काढा, तुम्ही ती मोजलेली नाही. बरोबर होतं, काढला. आणि रस्त्याच्या मातीबद्दलचा परिच्छेद गुळगुळीत करा. त्यावर दोन बैठका गेल्या. शेवटी गाळाचे आकडे जसेच्या तसे राहिले आणि त्याखाली गावाचं म्हणणं गावाच्या शब्दांत आलं: रस्ता हवा होता, माती ओढ्यात टाका असं आम्ही सांगितलं नव्हतं. मला तो मजकूर माझ्यापेक्षा चांगला वाटतो.

खर्च विचारणारे बरेच असतात म्हणून सांगते. एकूण एकोणीस खेपा. पेट्रोल १७,८०० रुपये. मामांना दिवसाचे ५००, म्हणजे ९,५००. ते आधी घेत नव्हते, पण त्यांचा दिवस मोडतो, तो फुकट मागू नये. सामान १०,९००. स्टॅम्प, नोटरी, छपाई १,४४०. मिळून ३९,६४० रुपये. थोडी मदत कॉलेजने केली, बाकी खिशातून. पुढच्या वर्षी सामानाचा खर्च नाही.

२ डिसेंबर २०२४ ला, अहवालासोबतच, पुढच्या वर्षाचा अर्ज देऊन टाकला. आवक क्रमांक पहिल्या पानावर. परवानगी वेळेत आली, १ जून २०२५ पासून. जून ही तारीख मीच घातली होती, सवयीने. आणि २६ मेलाच मान्सून पुण्यात येऊन धडकला.

२७ तारखेला मामांचा फोन. ओढ्याला पाणी आलं, मासा चढतोय. मला राखीव वनात पाऊल टाकता येत नव्हतं. मी म्हटलं, मामा, साकव गावाचा रस्ता आहे, तिथून बघा. खडसाचं नंतर, आत्ता जे चढतंय ते बघा. त्यांनी वीस मिनिटं उभं राहून पाहिलं आणि परत फोन केला. मळे पुष्कळ, कोळस बारा, खडस शून्य.

“शून्य लिवा, ताई,” म्हणाले, “पाणी निवळ हाय. रिकामं नका सोडू.”

२०२५ च्या वहीत पहिली नोंद तीच आहे. पुढच्या अर्जात तारीख १५ मे घालणार आहे आणि निरीक्षकांच्या यादीत मामांचं नाव, आधार कार्डासकट.